जर्सी कुणाची, शिक्षा कुणाला?

2010 च्या सप्टेंबरात अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉल संघ मोसमाला सुरुवात करत होता आणि त्याचा सर्वात भरवशाचा खेळाडू ए. जे. ग्रीन मैदानाबाहेर बसून होता. त्याला दुखापत झालेली नव्हती आणि कुणाशी त्याची मारामारीही झालेली नव्हती. आधीच्या मोसमातल्या एका सामन्यात अंगावर घातलेली आपली जर्सी त्याने 1000 डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण 45 हजार रुपयांना, विकली होती. घेणारा माणूस नियमांच्या व्याख्येत ‘एजंट’ ठरत होता. ग्रीनवर 4 सामन्यांची बंदी आली आणि मिळालेली रक्कम धर्मादाय कामाला देऊन टाकण्याचा हुकूम झाला. गंमत अशी, की ग्रीनच्याच 8 क्रमांकाच्या जर्सी तेव्हा विद्यापीठाच्या दुकानात उघडपणे विकल्या जात होत्या. त्या विक्रीतला एक पैसाही त्याला मिळणार नव्हता.

आमच्या घरात ही गोष्ट निघाली तेव्हा नववीत शिकणाऱ्या मुलीने एवढेच विचारले, “पण अब्बू, जर्सी त्याचीच होती ना?” आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. मग थोडे वाचले, आणखी थोडे वाचले आणि ध्यानात आले, की या साध्या प्रश्नावर अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षे भांडण चालू आहे. त्यात कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रशिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, एका राज्याच्या गव्हर्नरची अब्रू गेली. अनेक पोरांची उमेदीची वर्षेही गेली.

आपल्या वाचकांना दूरदेशीच्या या भानगडीशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. पण आजकाल शहरोशहरी असे सल्लागार भेटतात, जे पोहणाऱ्या, टेनिस खेळणाऱ्या किंवा धावणाऱ्या मुलाच्या आईबापांना सांगतात, ‘याला अमेरिकेत खेळाच्या शिष्यवृत्तीवर पाठवू.’ आपल्यातली काही मुले तिकडे गेलीही आहेत. तेव्हा तो कारखाना आतून कसा चालतो, हे माहीत असलेले बरे.

अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे आपल्याकडचे आंतरमहाविद्यालयीन सामने नव्हेत. इथे अंतिम सामन्यालाही खेळाडूंचे मित्र आणि चार-दोन प्राध्यापक हजर असतात. तिथे कॉलेजच्या फुटबॉल सामन्याला लाखभर माणसे बसतील अशी स्टेडियम्स आहेत. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वात जास्त पगाराचा माणूस राज्यपाल किंवा कुलगुरू नसतो, तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. या सगळ्यावर देखरेख करणारी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, थोडक्यात एनसीएए. तिचे मूळ 1906 सालचे. साधारण 1100 कॉलेजे तिची सभासद आहेत आणि त्यांच्या संघांतून 5 लाखांहून अधिक मुलेमुली खेळतात. एप्रिल 2010 मध्ये, ग्रीनच्या जर्सीच्या प्रकरणाच्या काही महिने आधी, या संस्थेने पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरला विकले.

खेळाडूला यातले काय मिळायचे? शिकवणीची फी, राहणे, जेवण आणि पुस्तके. तो ‘हौशी’ असला पाहिजे, हा पायाभूत नियम. हौशी म्हणजे ज्याने खेळाच्या बदल्यात कुणाकडून कधीही रोकड घेतलेली नाही, भेटवस्तू घेतलेली नाही, एजंटाशी करार केलेला नाही. हा नियम मोडला की तो अपात्र. त्याला खेळवणारे कॉलेजही गुन्हेगार.

या व्यवस्थेने खेळाडूंना एक खास नाव दिले, ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’. ऐकायला मोठे सुरेख वाटते. पण या नावाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. 1955 साली कोलोरॅडो राज्यातल्या एका छोट्या कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगारांना मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. तो कॉलेजसाठी राबत असताना गेला, असे तिचे म्हणणे. 1957 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला रिकाम्या हाती परत पाठवले. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असे न्यायालयाला वाटले. अशा दाव्यांचे भूत मानगुटीवर बसू नये म्हणूनच ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द घडवला आणि सगळीकडे तो वापरण्याची सक्ती केली, हे एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी 1995 मध्ये आपल्या पुस्तकात स्वतःच सांगून टाकले. त्यांनी ही संस्था 1951 ते 1988 अशी तब्बल 37 वर्षे चालवली होती. निवृत्तीनंतर त्यांना आपण उभारलेल्या इमारतीची लाज वाटू लागली. उशिरा का होईना, वाटली.

नियम आहेत म्हणून ते मोडणारेही आहेत. पण मोडण्याची रीत समजून घेतली पाहिजे. सतरा वर्षांच्या एखाद्या उंच, चपळ पोरावर वीस कॉलेजांची नजर असते. पूर्वी कॉलेज त्याला उघडपणे पैसे देऊ शकत नसे. मग पुढे येतात ‘बूस्टर’, म्हणजे कॉलेजचे श्रीमंत पाठीराखे. कुणाचा तेलाचा धंदा असतो, कुणाचे मोटारींचे दुकान. मुलाच्या दारात नवी गाडी उभी राहते. आईला नोकरी लागते. लिफाफे फिरतात. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात 1980 च्या दशकात हा उद्योग इतका बोकाळला, की 1987 मध्ये एनसीएएने त्या विद्यापीठाचा फुटबॉलचा संपूर्ण मोसमच रद्द केला. अमेरिकेत या शिक्षेला ‘मृत्युदंड’ म्हणतात. 13 खेळाडूंना मिळून 61 हजार डॉलर वाटल्याचे सिद्ध झाले होते. पाठोपाठ आणखी एक गोष्ट उघड झाली. विद्यापीठ आधीच्या गुन्ह्यासाठी निगराणीखाली असतानाही हे पैसे चालू ठेवायला संमती देणाऱ्यांत राज्याचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्सही होते, कारण पूर्वी ते विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी तसे स्वतः कबूल केले. आणि गव्हर्नरपद? ते त्यांनी आपली मुदत संपेपर्यंत सांभाळले.

त्या संघाला पुन्हा उभे राहायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. ही अवस्था पाहून पुढच्या मंडळींचे हात थरथरले असावेत, कारण इतक्या मोठ्या फुटबॉल संघाला तशी शिक्षा नंतर कधीच झाली नाही. इथूनच खरा प्रश्न सुरू होतो. शिक्षा कडक असावी की सौम्य, हा वाद वेगळा. सारख्या चुकीला सारखी शिक्षा होते का?

यासाठी 2010-11 हा एकच मोसम पाहावा. ग्रीनची गोष्ट आपण पाहिलीच. त्याच वर्षी तुर्कस्तानचा एनेस कँटर नावाचा 18 वर्षांचा तरुण केंटकी विद्यापीठात बास्केटबॉल खेळायला आला. तुर्कस्तानात आणि युरोपात कॉलेजच्या खेळांचा असा पसारा नाही. तिथे हुशार मुले लहानपणीच क्लबांत जातात. राहणे, शिकणे, खेळणे सगळे तिथेच. कँटरही इस्तंबूलच्या फेनेरबाहचे क्लबात वाढला. एनसीएएने हिशेब तपासला आणि सांगितले, की 2008-09 मध्ये क्लबाने याला गरजेच्या खर्चापेक्षा 33,033 डॉलर जास्त दिले आहेत. तेव्हा तो 16 वर्षांचा होता. निर्णय आला, कायमचा अपात्र. अपील झाले, जानेवारी 2011 मध्ये तेही फेटाळले गेले. त्याने ते वर्ष संघाबरोबर सहायकाचे काम करत, सराव बघत काढले आणि जूनमध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत तो तिसऱ्या क्रमांकावर उचलला गेला. त्याचे फारसे बिघडले नाही, हे खरे. पण वर्षभर त्या पोराने कुठला गुन्हा भोगला, ते आम्हाला कळलेले नाही. आपल्याकडे रेल्वे, पोलिस, बँका खेळाडूंना नोकऱ्या देतात. त्या मोजपट्टीने आपले किती तरी गुणी खेळाडू तिथे गुन्हेगारच ठरले असते.

आता त्याच हिवाळ्यातले दुसरे प्रकरण. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पाच फुटबॉलपटूंनी आपल्याला मिळालेल्या अंगठ्या, जर्सी वगैरे वस्तू विकल्या होत्या आणि अंगावर गोंदवून घेण्यात सवलती मिळवल्या होत्या. त्यांत संघाचा मुख्य खेळाडू टेरेल प्रायर होता. 23 डिसेंबर 2010 रोजी एनसीएएने पाचहीजणांवर 5 सामन्यांची बंदी जाहीर केली. पण कधीपासून? पुढच्या मोसमापासून! दोनच आठवड्यांवर शुगर बाऊल हा मोठा, टीव्हीवर देशभर दिसणारा, खोऱ्याने पैसा ओढणारा सामना होता. त्यात त्यांना खेळू दिले. या मुलांना नियम नीट समजावून सांगितले गेले नव्हते, हे कारण पुढे केले गेले. ग्रीनला जर्सी विकण्याचा नियम कुणी तोंडपाठ करून दिला होता की काय, देव जाणे. सामना ओहायोने 31-26 असा जिंकला.

पुढे निघाले, की त्यांच्या प्रशिक्षकाला, जिम ट्रेसेल यांना, हे सगळे एप्रिल 2010 पासूनच ठाऊक होते आणि त्यांनी ते दडवून ठेवले होते. मे 2011 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. प्रायर कॉलेज सोडून व्यावसायिक झाला. तो शुगर बाऊलचा विजय नोंदीतून पुसला गेला आणि एनसीएएने ओहायोला 2012 च्या मोसमाअखेरीचा सामना खेळण्यास मनाई केली. आता 2012 चा संघ पाहा. प्रशिक्षक नवा होता आणि वस्तू विकणारे ते पाचही खेळाडू निघून गेले होते. त्या संघाने मोसमातले सगळे 12 सामने जिंकले आणि तो घरी बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तिसरे प्रकरण बापलेकाचे आहे आणि आमच्या मते या सगळ्यात तेच सर्वात अवघड. ऑबर्न विद्यापीठाचा कॅम न्यूटन त्या वर्षी अमेरिकेतला सर्वोत्तम खेळाडू होता. तो ऑबर्नला येण्यापूर्वी त्याच्या वडिलांनी, सेसिल न्यूटन यांनी, मिसिसिपी स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाकडे मुलाच्या बदल्यात पैशांची मागणी केली होती, असे तपासात निघाले. वडील पेशाने धर्मोपदेशक! 30 नोव्हेंबरला न्यूटनला अपात्र ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी, 1 डिसेंबरला, पात्र केले. त्याला वडिलांच्या उद्योगाची माहिती होती असा पुरावा नाही, हे कारण. तीन दिवसांनी तो विभागीय अजिंक्यपदाचा सामना खेळला, आठवडाभरात त्याला हाइसमन ट्रॉफी मिळाली आणि जानेवारीत ऑबर्न राष्ट्रीय विजेता झाला.

लेकाला बापाच्या चुकीची सजा नको, हे आम्हाला मनापासून पटते. घराघरांत आपण मुलांना हेच शिकवतो, की ज्याने केले त्याने भरावे. तक्रार एवढीच, की हे तत्त्व न्यूटनसाठी जागे झाले आणि नंतर पुन्हा झोपी गेले. मेम्फिसच्या जेम्स वाइजमनचे पाहा. 2017 मध्ये त्याची आई घर बदलून मेम्फिस शहरात राहायला आली, तेव्हा सामान हलवण्याच्या खर्चासाठी तिला पेनी हार्डवे यांनी 11,500 डॉलर दिले. हार्डवे हे जुने नामांकित खेळाडू, तेव्हा शाळकरी मुलांना शिकवत होते. मुलाला याचा पत्ता नव्हता, असे विद्यापीठाने सांगितले. पुढच्या वर्षी हार्डवे मेम्फिस विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि त्यानंतर वाइजमन त्यांच्या संघात दाखल झाला. 2019 मध्ये एनसीएएने जुनी फाइल काढली. हार्डवे यांनी 2008 मध्ये विद्यापीठाला 10 लाख डॉलर दान दिले होते, म्हणून ते नियमांप्रमाणे ‘बूस्टर’ आणि म्हणून आईला मिळालेले पैसे बेकायदा. मुलावर 12 सामन्यांची बंदी आली. शिवाय 11,500 डॉलर त्याने स्वतःच्या खिशातून धर्मादाय संस्थेला द्यायचे होते. ज्याला पगार घ्यायला मनाई, त्याने सुमारे आठ लाख रुपये आणायचे कुठून? तो डिसेंबरात कॉलेज सोडून गेला आणि 2020 च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू ठरला.

म्हणजे बापाने पैसे मागितले आणि मुलाला माहीत नव्हते, तर एका दिवसाची अपात्रता. आईने घेतले आणि मुलाला माहीत नव्हते, तर 12 सामने. मागणे आणि घेणे यांत फरक आहे, असा कायद्याचा कीस कुणी काढील. काढो. न्यूटन विजेतेपदाच्या उंबरठ्यावरच्या संघात होता, ही गोष्ट काही त्या कीसात पडत नाही.

पैसे मागणाऱ्या आईबापांविषयी बोलायला निघालोच आहोत, तर दुसऱ्या टोकाच्या आईबापांनाही विसरून चालणार नाही. मार्च 2019 मध्ये अमेरिकन सरकारने उघडकीस आणलेल्या एका प्रकरणात श्रीमंत, नामवंत पालकांनी खेळाच्या नावावर नामांकित विद्यापीठांत मुलांचे प्रवेश विकत घेतल्याचे दिसले. रिक सिंगर नावाचा सल्लागार प्रशिक्षकांना लाच देई. मग जन्मात वल्हे हाती न धरलेली मुलगी नौकानयनाची गुणी खेळाडू म्हणून नोंदली जाई. हॉलिवूडच्या एका अभिनेत्रीने आणि तिच्या नवऱ्याने दोन मुलींसाठी मिळून 5 लाख डॉलर मोजले. ती दोन महिन्यांच्या कैदेवर सुटली, तर सिंगरला 2023 मध्ये साडेतीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडे नोकरीतल्या खेळाडूंच्या राखीव जागांसाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रे काढणारे महाभाग अधूनमधून वर्तमानपत्रांत झळकतात. त्यांचेच हे धनवान भाऊबंद. जो खरोखर खेळतो त्याने 1000 डॉलरला जर्सी विकली तर तो अपात्र आणि जो खेळतच नाही त्याच्यासाठी मागचे दार उघडे.

पण आम्हाला सर्वात जास्त अस्वस्थ केले ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रकरणाने. तिथे रोकड फिरली नाही. तिथे फिरले ते गुण.

हे विद्यापीठ अभ्यासासाठी आणि बास्केटबॉलसाठी सारखेच मशहूर. तिथल्या आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात 1993 ते 2011 अशी 18 वर्षे असे वर्ग कागदावर चालू होते, जे प्रत्यक्षात भरतच नसत. हजेरी नाही, व्याख्यान नाही, प्राध्यापकाचे तोंड बघायचे कारण नाही. सत्राच्या शेवटी एक निबंध द्यायचा. तो तपासायच्या विभागाच्या कार्यालयात काम करणाऱ्या बाई, ज्या शिक्षिका नव्हत्याच. त्या बहुतेक वेळा निबंध चाळून चांगले गुण देत. खेळाडूंची काळजी वाहणारे सल्लागार अडचणीतल्या मुलांना या वर्गांकडे वळवत, म्हणजे गुणपत्रक तग धरेल आणि मुलगा मैदानावर उतरायला पात्र राहील. 2014 मध्ये माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टीन यांच्या चौकशी अहवालाने आकडा दिला, 3100 हून जास्त विद्यार्थी. त्यांत खेळाडूंचे प्रमाण विद्यापीठातल्या त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी मोठे होते.

एनसीएएने या प्रकरणाचा निकाल ऑक्टोबर 2017 मध्ये दिला. काय दिला? आमच्या नियमांचा भंग झाला असे म्हणता येत नाही! कारण हे वर्ग केवळ खेळाडूंसाठी नव्हते, इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते. शिवाय वर्ग कसा घ्यायचा आणि गुण कसे द्यायचे हा विद्यापीठाचा अंतर्गत मामला. एकाही सामन्याचा निकाल पुसला गेला नाही, एकही विजेतेपद काढून घेतले गेले नाही.

वाचकहो, जरा थांबून विचार करा. या व्यवस्थेचे सगळे समर्थन एकाच वाक्यावर उभे होते, की खेळाडूला पगार नको, कारण त्याला शिक्षण मिळते. शिक्षण हाच त्याचा मेहनताना. जॉर्जियाच्या मुलाने स्वतःची जर्सी विकली, त्यात कुणाचे काही गेले नाही. नॉर्थ कॅरोलायनात मेहनतान्यावरच डल्ला मारला गेला, तोही अठरा वर्षे. त्या मुलांतली अनेक गरीब काळ्या कुटुंबांतली होती आणि घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी पहिलीच पिढी. त्यांच्या आयांनी पदवीचा कागद भिंतीवर लावला असेल. त्या कागदामागे काय होते, हे त्यांना 2014 च्या वर्तमानपत्रांतून कळले.

असे का होते? या संस्थेत बसलेली सगळीच माणसे लबाड आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. पण तिची बांधणीच तशी आहे. एनसीएए म्हणजे कॉलेजांनीच स्थापन केलेली कॉलेजांची संघटना. तिला पोलिसांसारखे समन्स काढता येत नाही, शपथेवर जबानी घेता येत नाही. जो कॉलेजात आहे तो बांधलेला, त्याने उत्तर दिले नाही तर पात्रता जाते. जो बाहेर पडला तो सुटला. बूस्टरला हात लावता येत नाही. मोठ्या विद्यापीठाकडे वकिलांची फौज असते, छोट्याकडे नसते. त्यामुळे हाताशी जो सापडतो तो दंडित होतो आणि असा हाताशी सापडणारा बहुधा एकोणीस वर्षांचा पोरगाच असतो. नेवाडा विद्यापीठाचे लास व्हेगासचे प्रशिक्षक जेरी टार्केनियन यावर चेष्टेने म्हणत, की एनसीएए बड्या केंटकीवर एवढी भडकली आहे, की आता ती बिचाऱ्या क्लीव्हलँड स्टेटची शिक्षा वाढवणार. टार्केनियन स्वतः काही साधुपुरुष नव्हते. पण त्यांनी संस्थेला कोर्टात खेचले आणि हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर 1988 मध्ये 5 विरुद्ध 4 अशा मतांनी निकाल लागला, की एनसीएए ही खासगी संस्था आहे. सरकारने एखाद्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याची बाजू नीट ऐकण्याचे जे घटनात्मक बंधन असते, ते तिच्यावर नाही. एका मताने. दहा वर्षांनी संस्थेने टार्केनियन यांना 25 लाख डॉलर देऊन दुसरा दावा मिटवला, हेही नोंदवून ठेवू.

2017 च्या सप्टेंबरात खुद्द एफबीआय या आखाड्यात उतरली, तेव्हा लोकांना वाटले की आता बडे मासे गळाला लागतील. आदिदास कंपनीच्या अधिकाऱ्यांनी खेळाडूंच्या घरच्यांना पैसे देऊन त्यांना कंपनीशी करार असलेल्या कॉलेजांत पाठवल्याचे आरोप झाले. लुईव्हिल विद्यापीठात यायला ब्रायन बोवेनच्या कुटुंबाला 1 लाख डॉलर कबूल केले गेले होते. खटला चालला, कंपनीचा अधिकारी आणि मधले दलाल दोषी ठरले. सरकारी वकिलांची मांडणी ऐकून मात्र आम्ही दोनदा वाचले, की चुकून उलटे तर छापले नाही? त्या मांडणीप्रमाणे विद्यापीठे ही फसवणुकीचे बळी होती! लुईव्हिलच्या नामवंत प्रशिक्षकाची नोकरी गेली, पण एकाही मुख्य प्रशिक्षकावर खटला भरला गेला नाही. बोवेनला कॉलेजात एकही सामना खेळता आला नाही, तो व्यावसायिक खेळायला ऑस्ट्रेलियाला गेला.

मग सगळे चक्रच फिरले. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात 9 विरुद्ध 0 मतांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला. खेळाडूंच्या शिक्षणाशी निगडित लाभांवर अशी मर्यादा घालणे मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही, असे न्यायालय म्हणाले. दुसऱ्याच महिन्यात, 1 जुलै 2021 पासून, खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा वापरू देऊन पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जर्सी विकणे, सही विकणे, जाहिरात करणे, सगळे हलाल. 6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी आणखी एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. तिच्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला 2025-26 मध्ये सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटता येते आणि आधीच्या वर्षांच्या खेळाडूंना मिळून सुमारे 2.8 अब्ज डॉलरची भरपाई दहा वर्षांत द्यायची आहे. युरोपातल्या क्लबांत पगार घेऊन खेळलेले तरुण आज अमेरिकन कॉलेजांच्या संघांत दिसतात. कँटर पंधरा वर्षे लवकर जन्मला म्हणायचे.

यात आपल्या मुलांसाठी एक मेख आहे, ती सल्लागार मंडळी सहसा सांगत नाहीत. बाहेरदेशातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला तिथे काम करून पैसे कमावण्यावर कडक बंधने असतात. बाजूला धावणारा अमेरिकन सहकारी बुटांच्या जाहिरातीतून कमावतो. तेच आपला मुलगा करू गेला तर खेळाची पात्रता राहील, पण व्हिसा धोक्यात येईल. शिवाय शिष्यवृत्ती किती वर्षांची, दुखापत झाली तर काय, विषय निवडायला मोकळीक आहे की सरावाच्या वेळा पाहून विषय दिला जाणार, हे तीन प्रश्न लेखी विचारल्याखेरीज कुठेही सही करू नये. जे प्रशिक्षक फोनवर ‘काळजी करू नका, आम्ही बघतो’ म्हणतात, त्यांच्याकडून तर हे आधी लिहून घ्यावे.

आता रेगी बुशचे सांगतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा हा धावपटू फुटबॉलमध्ये 2005 ची हाइसमन ट्रॉफी जिंकला. नंतर निघाले, की दलालीत शिरू पाहणाऱ्या माणसांकडून त्याने आणि त्याच्या कुटुंबाने राहायला घर, पैसा, प्रवास असे बरेच काही घेतले होते. जून 2010 मध्ये एनसीएएने विद्यापीठाला दोन वर्षे मोसमाअखेरीच्या सामन्यांना मुकवले, 30 शिष्यवृत्त्या कापल्या आणि विजय पुसले. बुशने ट्रॉफी परत केली. त्याचे प्रशिक्षक पीट कॅरोल निकालाआधीच, जानेवारीत, व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होऊन सिएटलला निघून गेले होते. काळ बदलला आणि 24 एप्रिल 2024 रोजी बुशला ती ट्रॉफी सन्मानाने परत मिळाली. त्या कापलेल्या 30 शिष्यवृत्त्या ज्या मुलांना मिळाल्या असत्या, ती बुश मैदान गाजवत होता तेव्हा लहान शाळकरी मुले होती. त्यांना कुणी काही परत केलेले नाही. ती मुले कोण होती, याची नोंदही कुठल्या वहीत नाही.